फ्यूजच्या जागी बल्ब

डोंबिवलीहून वर्तकनगरला नोकरीसाठी मी बाबांची जुनी मोटरसायकल नेऊ लागले आणि दोन महिन्यांत तिने मान टाकली. ब्रेक दाबला की फ्यूज उडायचा. दिवे, हॉर्न, सगळं ठप्प. मेकॅनिकने मागचा बल्ब बदलला, ब्रेकचा स्विच बदलला आणि शेवटी सगळं वायरिंग बदलायला सांगितलं. बाबांना तेवढंच हवं होतं. गाडी विकायला त्यांनी लगेच बाळकुमचं एक गिऱ्हाईक गाठलं. ते रविवारी संध्याकाळी येणार होतं.

मी भडकले. "त्याच्या आत मी फॉल्ट शोधला तर गाडी माझी."

"शोध. पण ब्रेक लाइटशिवाय बायपासला जायचं नाही. मागे कंटेनर असतात."

रविवारी दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी सीट काढून बसले. व्हिडिओत एक युक्ती पाहिली होती. फ्यूजच्या जागी हेडलाइटचा बल्ब जोडायचा. वायर कुठे शॉर्ट होत असेल तर तो लख्ख पेटतो, शॉर्ट सुटला की विझतो. मागचा बल्ब काढून ठेवला आणि बाबांना ब्रेक दाबायला बसवलं. ते कुरकुरत बसले.

बल्ब लख्ख पेटला. मला तिथेच नाचावंसं वाटलं. वायर हलवत हलवत मी मागे सरकू लागले. मडगार्डखाली हात घातला आणि बल्ब फडफडला.

"बास झालं, हात कापेल," बाबा एकदम म्हणाले.

आता मी थांबते कसली! आत एक बारीक तार वायरीभोवती आवळून बोल्टला पिळलेली होती. रोजच्या धक्क्यांनी ती रबर कापून तांब्याला टेकली होती. ओढून काढली तशी बल्ब विझला. तारेच्या टोकाला सुकलेलं लिंबू आणि मिरच्या.

शेजाऱ्यांनी ओवाळून टाकलेलं लिंबू उचलून सरबतात पिळणारा आमचा बाप!

"तुम्ही?"

ते अजून ब्रेक दाबूनच बसले होते. "तू बायपासने जायला लागलीस ना, त्या दिवशी. म्हटलं, असू दे."

मला हसू आलं. वायरीला टेप गुंडाळली, मागचा बल्ब आणि नवा फ्यूज बसवला. "दाबा." मागचा दिवा लालभडक पेटला, फ्यूज शाबूत. मी टाळ्या पिटल्या.

बाबांनी बाळकुमला फोन करून गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. मग ते सुकलेलं लिंबू हातात घेऊन हळूच विचारलं, "दोऱ्याने बांधलं तर चालेल का गं?"

मी वर जाऊन दोरा घेऊन आले.