प्रेमाने मरणार नाही असा प्राणी

काकूंच्या घरात सकाळी आधी चपला येतात आणि मागून पोरं. इवल्याशा चपला उंबऱ्याच्या आत भिरकावल्या जातात, एक उलटी, एक सुलटी, आणि मालकांचा आवाज तोवर परसात पोचलेला असतो. काकू त्या चपला एकेक उचलून जोडीने लावतात. घाई हा प्रकार या बाईच्या अंगाला कधी लागलाच नाही. पाणी जसं उतार बघून आपल्या चालीने जातं, तशा त्या घरात फिरतात, आणि पाण्यासारख्याच सगळीकडे पोचलेल्या असतात.

गल्लीच्या टोकाला बैठं घर. पुढे दोन खोल्या, मागे विटांच्या भिंतीतलं परस, परसात एक वाकडं झाड. एवढ्या जागेत काकू पाळणाघर चालवतात. आईबाप कामावर निघाले की पोरं काकूंच्या हवाली होतात, आणि संध्याकाळी न्यायला आले की निम्मी रडतात. येताना नव्हे, जाताना. काकूंना याचा मोठा तोरा आहे, आणि का नसावा?

या घरात जेवणाचा एक नियम आहे. आधी शेजाऱ्याला घास, मग आपल्याला. दुपारी पोरं गोल करून बसतात, प्रत्येक जण आपल्या डब्यातला पहिला घास शेजारच्याच्या तोंडात घालतो. निम्मा तोंडात जातो, निम्मा गळ्यात. एखाद्याच्या कानातही गेलेला आहे. पण पोरं भांडण विसरतात, नवीन पोर लवकर रुळतं, आणि नाक मुरडणाराही दुसऱ्याच्या हातचं गपकन खातो. काकूंनी हा नियम कुठून आणला नाही. तो त्यांच्या हातातूनच आला.

याच नियमाने पुढे घोटाळा केला.

काकूंचं बालपण उघड्या रानात गेलेलं. अंगणात वासरू, वळचणीला चिमण्या. आणि ही पोरं? एकाने कोंबडी फक्त मोबाईलमध्ये पाहिलेली. काकूंच्या मनाने घेतलं, घरात जिवंत काहीतरी हवं.

काका बस चालवून निवृत्त झालेले. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता अटी घातल्या. "भुंकणारं नको. केस गाळणारं नको. वास मारणारं नको. आणि दुपारच्या झोपेत मला उठवणारं नको."

"अहो, या हिशेबाने मी तुम्हालाच कसं ठेवलं घरात?" काकू म्हणाल्या.

वर्तमानपत्र थोडं हललं. काका आत हसत होते.

शेवटी मासा आला. एकच, नारिंगी, शेपटी पदरासारखी. काचेच्या पेटीत तो फिरायला लागला आणि पाल भिंतीला चिकटावी तशी पोरं काचेला चिकटली. आणि दुपारी डबे उघडल्यावर प्रत्येकाला आपला नवा शेजारी आठवला. आधी शेजाऱ्याला घास! कोणी भाताची शितं टाकली, कोणी बिस्किटाचा चुरा. काकांनी गुपचूप एक चिमूट टाकली, कारण मासा त्यांच्याकडे बघत होता म्हणे. काकूंनी टाकली, कारण या घरातून कोणी उपाशी जात नाही. थोड्याच दिवसांत पाणी दुधासारखं झालं आणि एका सकाळी मासा पोट वर करून तरंगत होता.

वाकड्या झाडाखाली त्याला पुरलं. तिथे कलेक्टरने भाषण केलं. कलेक्टर म्हणजे पोरांमधला सर्वांत मोठा, साडेपाच वर्षांचा. कुठे काय घडलं आणि कोणी केलं, हे सगळं त्याच्याकडे असतं. तो कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "मासा खाऊन खाऊन मेला. शेवटचा घास मुंगीने दिला."

त्याच्या मनात काही नव्हतं. त्याने फक्त माहिती दिली.

मुंगी ही नर्सबाईंची लेक. चार वर्षांची, भिंतीच्या कडेकडेने चालणारी, म्हणून मुंगी. तिने हात फ्रॉकच्या खिशात घातले आणि त्या दिवसापासून तिने कोणालाच घास दिला नाही. आणि घास दिला नाही म्हणून स्वतःही खाल्ला नाही. नियम पाळण्यात तिच्याइतकं कडक कोणी नव्हतं.

"आज नियमाला सुट्टी," काकू म्हणाल्या. "तू आधी खा गं बाई."

मुंगीने मान हलवली. डबा तसाच बंद.

काकूंनी तिला मांडीवर घेतलं, केसांतून हात फिरवला, आणि मग कधीतरी कानाशी एवढंसं उत्तर आलं. "मी घास दिला की मरतात."

काकूंनी परोपरीने समजावलं. सगळ्यांनीच खाऊ घातलं, मीही घातलं, पाणी खराब झालं. मुंगीने सगळं ऐकून घेतलं, जसं आपण डॉक्टरांचं ऐकून घेतो, आणि मत बदललं नाही.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. ड्यूटीचे बूट पायात, डोळे लाल. "काकू, घरी आल्यावर ही अधाशासारखी खाते. डबा मात्र भरलेला परत येतो. माझे तास लांबलचक. पोर दिवसभर उपाशी राहणार असेल तर मला दुसरीकडे बघावं लागेल. राग मानू नका."

"राग कसला," काकू म्हणाल्या. "मला थोडी सवड द्या."

राग नव्हताच. पण रात्रीच्या भाकऱ्या थापताना त्यांचा हात मध्येच थांबत होता. आपल्याच नियमाने आपल्याच घरात एक लेकरू उपाशी बसतं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

मग त्यांनी कडधान्य पेरून पाहिलं. पेल्यांत माती, मातीत दाणा, ज्याचा त्याचा पेला. कलेक्टर रोज दाणा उकरून तपासायचा, मोड आला का. पुन्हा पुरायचा. बाकीच्यांनी लगेच कित्ता गिरवला. सगळ्यांचे दाणे कुजले. एकट्या मुंगीच्या पेल्यातून हिरवी मान वर आली, कारण तिने हातच लावला नव्हता.

"बघ, तुझं उगवलं!" काकू हरखून म्हणाल्या.

"मी हात लावला नाही म्हणून," मुंगी म्हणाली.

काकू मटकन पायरीवर बसल्या. हे औषध तर उलटंच लागू पडलं!

सुट्टीच्या दिवशी त्या पशुपक्ष्यांच्या दुकानात गेल्या. दुकानदार पोट सुटलेला, बोलायला गोड. "बोला ताई, काय दाखवू?"

"प्रेमाने मरणार नाही असा प्राणी दाखवा."

दुकानदाराने पोपटाकडे पाहिलं, पोपटाने दुकानदाराकडे.

"म्हणजे असं," काकूंनी सांगितलं, "सात पोरं आहेत. सातही जण त्याला खाऊ घालणार. नको तेव्हा उचलणार. सुट्टीला तो एकटा राहणार. आणि माझ्या यजमानांना वास चालत नाही."

"ससा न्या."

"घाबरट असतो. सात जणांनी कवटाळलं तर छाती फुटेल त्याची."

"मग पोपट?"

"बोलतो. घरात बोलणारे पुष्कळ आहेत."

दुकानदार खो खो हसला. "ताई, तुम्हाला दगड पाळायला हवा. रंगवून देऊ?"

काकूही हसल्या आणि रिकाम्या हाताने परतल्या. पण वाटेत त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. प्राणी असा हवा ज्याला स्वतःला नको म्हणता येतं.

त्या आठवड्यात परसात नवा खेळ सुरू झाला. भिंतीकडेला ओल्या विटा पडलेल्या होत्या. काकू एक वीट अलगद उचलायच्या, पोरं उकिडवी बसून बघायची की खाली कोण राहतं, आणि मग काकू छप्पर जिथल्या तिथे ठेवायच्या. कोणाच्याही घरात बोट घालायचं नाही. गांडूळ निघालं, काळे किडे निघाले, मुंग्यांची पांढरी अंडी निघाली. एका विटेखाली तपकिरी शंख निघाला आणि शंखातून हळूच दोन शिंगं आली.

"ही घर घेऊन चाललीय!" कलेक्टर किंचाळला.

गोगलगाय. काकूंनी लहानपणी ढीगभर पाहिलेल्या, पण आज नव्याने पाहिली. माशाच्या जुन्या पेटीत ओली माती घातली, वाळलेली पानं, अंड्याचं कवच, काकडीची चकती, वर जाळी. हात लावण्याआधी आणि लावल्यावर साबणाने धुवायचे, ती शिंगं आत घेईल तेव्हा कोणी टकटक करायचं नाही.

काकांनी चष्मा लावून तिची चाल बघितली. उभी हयात ज्याने स्टेअरिंग धरलं त्या माणसाने गंभीरपणे नाव ठेवलं, "एक्सप्रेस."

एक्सप्रेस सगळ्यांना पुरून उरली. पोरांनी काकड्या घातल्या, तिने हवी तेवढी खरवडली आणि उरलेली काकूंनी काढून टाकली. पोरांनी फार उचललं की ती घरात शिरायची. हाका मारा, रडा, लोळा, ती आपली आत.

मुंगी लांबून बघायची. रोज थोडी जवळून. एका दुपारी, सुट्टीच्या आदल्या दिवशी, तिने खिशातला हात बाहेर काढला.

"हिला जास्त झालं तर?"

"आत जाईल. दार लावेल. माशाला दार नव्हतं गं," काकू म्हणाल्या.

मुंगीने बराच वेळ या उत्तराकडे सगळ्या बाजूंनी पाहिलं. मग काकडीचा तुकडा टोकाला धरून आत ठेवला. शिंगं वळली. एक्सप्रेस तुकड्यावर चढली आणि खाऊ लागली. मुंगी श्वास रोखून उभी.

"आता तू जेवशील?"

"आधी ही राहते का बघते," मुंगी म्हणाली.

मधे सुट्टी होती. काकू बहिणीकडे गेल्या, एक्सप्रेसला काकांवर सोपवून. सुट्टीनंतरच्या सकाळी सगळ्यांत आधी मुंगीच्या चपला आल्या. ती धावत पेटीशी गेली आणि थांबली.

शंख काचेला चिकटलेला. तोंडावर कोरडा, कागदासारखा पापुद्रा. माती भेगाळलेली. ना शिंगं, ना पाय.

मागून कलेक्टर आला, त्याने वाकून पाहिलं. तोंड उघडलं. काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटलं.

मुंगीचे दोन्ही हात खिशात गेले.

"अहो!" काकूंनी हाक मारली. "काय केलंत हिला?"

काका बनियनवर बाहेर आले. चेहरा पडला. "अगं, थंडी वाजेल म्हणून दिवसभर उन्हात ठेवली होती. मी काय मुद्दाम..."

सबंध घरात एक माणूस प्राण्यांच्या विरोधात होता, त्यालाही एक्सप्रेसची थंडी बघवली नव्हती. काकूंना हसू आणि रडू एकदमच आलं.

"मेली?" मुंगीने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. काकू तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "मला माहीत नाही, बाळा. उन्हाने सगळं सुकलं म्हणून तिने दार लावलं असेल. तुझ्या काकडीने काही झालेलं नाही, एवढं मला माहीत आहे. आपण पाणी शिंपडू आणि बघू."

काकांनीच पाणी शिंपडलं. मातीवर, पानांवर, शंखावर. पोरं गोल करून बसली. काकूंच्या इतक्या वर्षांत त्या खोलीत अशी शांतता झाली नव्हती. नळाचा थेंब ऐकू येत होता. दोघा भावांच्या जोडगोळीतल्या धाकट्याला शिंक आली, तर थोरल्याने त्याचं नाक धरलं. उन्हाचा पट्टा चटईवरून सरकला. कोणी कंटाळलं नाही. काकूंनी पोरांना ढग दाखवले, पानं दाखवली, पण बघत राहणं म्हणजे काय हे त्यांनाही आज कळत होतं.

पापुद्रा ओला झाला. मऊ झाला. कडेने सुटला.

"श्श," मुंगी म्हणाली, कोणी बोलत नसताना.

शंख हलला. एक करडं काहीतरी बाहेर सांडल्यासारखं आलं, काचेवर पसरलं, आणि मग एक शिंग. खूप वेळाने दुसरं.

"गाडी सुरू झाली!" काका ओरडले, आणि खोली फुटली. पोरं नाचली, उशा उडाल्या. कलेक्टरने आपलं म्हणणं एकदाचं मांडून टाकलं, "जिवंत आहे! मला आधीच माहीत होतं!"

मुंगी नाचली नाही. तिने धुतलेल्या हातांनी काकडीचा तुकडा पुन्हा आत ठेवला. एक्सप्रेसने शिंग लावून पाहिलं आणि बाजूने निघून गेली.

"नको म्हणते," मुंगी म्हणाली. आणि कितीतरी दिवसांनी हसली.

दुपारी डबे उघडले. मुंगीने भाताचा घास केला, नीट दाबून, छोटासा. तिच्या शेजारी कलेक्टर. घास आपल्याकडे येतोय हे पाहून तो ढुंगणावर मागे सरकला.

"मला काही होणार नाही ना?"

"नको असेल तर तोंड बंद कर," मुंगीने समजावलं.

एवढं मोठं पद असलेला माणूस, माघार कशी घेणार? त्याने डोळे घट्ट मिटले, तोंड उघडलं. चावलं. गिळलं. सगळी पोरं त्याच्याकडे बघत राहिली. त्याने एक डोळा उघडला, मग दुसरा.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

मुंगीने डबा जवळ ओढला आणि जेवायला लागली. दोन्ही हातांनी, मान खाली घालून, कुणाकडे न बघता. दारातून काका वाकून बघत होते. "अगं मुंगे, मलाही एक दे की."

"थांबा हो काका," मुंगी तोंड भरलेलं असताना म्हणाली. "मी जेवतेय."