पेढे इथेच वाटून टाक

लाल मफलरवाल्या काकूंनी मला धीर दिला. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या माझ्या साहेबांची पॅरिसला बदली झाली आणि त्यांच्या मागून मी स्वयंपाकाला एकटीच निघाले. सातवीत शाळा सुटलेली, पोचवायला कुणी नाही. विमानतळावर कुठल्या रांगेत उभं राहायचं तेही कळेना.

रांगेत माझ्या पुढे या काकू होत्या; माझ्या हातातला पुडा बघून म्हणाल्या, "अगं, पेढे? दुधाचं तिकडे नेऊ देत नाहीत. आणि विचारलं तर लपवायचं बिल्कुल नाही."

"आईने पाठवलेत हो."

"मग फेकायचे कशाला? चलो, इथेच वाटू."

मफलर सावरत त्यांनी पहिला पेढा कपाळाला लावून खाल्ला आणि रांगेला सांगितलं, "लड़की पहली बार जा रही है!"

अनोळखी माणसांनी पेढा खाऊन मला निरोप दिला. नाव विचारायचं राहिलं. काकू, भेटाल तेव्हा अख्खा पुडा तुमचा.