बिनगंजाचा हंडा

लुओयांगजवळच्या आमच्या गावात जुन्या घाटाची काशाची भांडी घडवतात आणि खारट मातीच्या खड्ड्यात पुरतात. वर्षभर त्यावर मुतलं की हिरवा गंज चढतो आणि गिऱ्हाईक पुरातन समजून भुलतं.

फांग लाओग्वान चाळीस वर्षं मातीच्या साच्यांवर नक्षी कोरत आला. पूर्वीच्या राजांची भांडी नवी असताना सोन्यागत लखलखायची, हे त्याला ठाऊक होतं. तसं एक तरी आपल्या हातचं राहू दे, म्हणून म्हातारपणी त्यानं एक तीन पायांचा हंडा पुरलाच नाही.

सून म्हणाली, "आबा, असलं पिवळंधमक कोन घेतंय? वरातीतला बाजा दिसतोय."

"इकायचा न्हाई त्यो. ऱ्हाऊ दे."

मग शहरातला एक जाणकार आला. हंड्याकडं बघून म्हणाला, "बाजारू माल." शेजारचं गंजलेलं भांडं मात्र त्यानं दोन्ही हातांनी उचललं. "याला म्हणतात कारागिरी. असा हात आता जन्माला येत नाही."

दोन्ही लाओग्वानचीच होती. सौदा मोडंल म्हणून तो गप्प बसला.

जाणकार गेल्यावर त्यानं स्वतःच खड्डा खणला, हंडा पुरला आणि नाडी सोडली. धार काही लागेना, तरी म्हातारा बराच वेळ तिथंच उभा होता.