पाच वाजताचा फोन

लोक गावाला जाताना त्यांची कुत्री-मांजरं माझ्याकडे ठेवून जातात, याला आता सहा वर्षं झाली. शाळेच्या ऑफिसातली नोकरी सोडली तेव्हा घर अगदी खायला उठायचं. शेजारीण भाच्याच्या लग्नाला गेली, तिचं मांजर आठवडाभर माझ्याकडे राहिलं, तिनं दुसरीला सांगितलं, आणि असं करत करत दिघोरी नाक्याच्या अलीकडचं आमचं तीन खोल्यांचं घर लोकांना माहीत झालं. मिस्टर उमरेडला खाणीच्या ऑफिसात आहेत. सकाळच्या बसनं जातात, संध्याकाळी सातच्या सुमारास परत येतात. दिवसभर मी आणि जो कोणी चार पायांचा पाहुणा असेल तो.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी एक काका आले. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, महाल या जुन्या वस्तीत एकटे राहणारे. हृदयाचं ऑपरेशन होतं. मुलगी त्यांना पुण्याला, स्वतःच्या घरी घेऊन चालली होती, आणि कुत्र्याची सोय लागत नव्हती. कुत्रा साधा गावठी, तांबूस, अकरा वर्षांचा. डाव्या कानाचं टोक तुटलेलं.

मी वही उघडून नेहमीचे प्रश्न विचारले. लसी कधी दिल्या, खायला काय, औषध काय, डॉक्टर कोण, कशाला घाबरतो. काका एकेक सांगत गेले. "पोळी कोरडी देऊ नका बाई, वरण लावून द्या. पाणी मातीच्या भांड्यातलंच पिते. भांडं आदळलं की पळते, तेवढं सांभाळा." मग गुडघ्यावर हात टेकून म्हणाले, "अन् मी रोज पाच वाजता फोन करीन. फोन त्याच्या कानापाशी धरायचा."

मुलगी ओशाळली. "बाबा, कुत्र्याला कुठं फोन करतात?"

"मी तुले नाही विचारून राहिलो," काका म्हणाले.

निघताना त्यांनी आपली एक वापरलेली लुंगी माझ्याकडे दिली. धुवू नका म्हणाले. हे मला सांगावं लागत नाही. मालकाच्या अंगाचा वास असलेलं कापड अंथरुणात असलं की नवीन जागी जनावर लवकर निवतं.

पहिला दीड दिवस त्यानं काही खाल्लं नाही. मी जबरदस्ती केली नाही. पाणी पितोय ना, एवढंच पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाच वाजता, पुण्याला पोचल्यावर, काकांचा पहिला फोन आला. मी स्पीकर लावून त्याच्या कानाशी धरला. तिकडून काका म्हणाले, "काय रे, जेवला का?" कुत्रा उभा राहिला, एकदाच भुंकला आणि मग जाऊन ताटलीतलं सगळं संपवलं. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशीही. एकदा भुंकायचं, मग जेवायचं.

पाचव्या दिवशी तो माझ्या हातून निसटला.

आदल्या संध्याकाळी त्याच्या पट्ट्याखाली घामोळ्यासारखं लाल झालेलं दिसलं. मी पट्टा काढला, मलम लावलं आणि पट्टा खिळ्याला अडकवून ठेवला. पट्ट्याला माझ्या फोन नंबरची पट्टी होती. सकाळी पावणेनऊला गॅसवाला आला. एरवी फाटक उघडण्याआधी मी पाहुण्याला आतल्या खोलीत बंद करते. त्या दिवशी तो कूलरसमोर झोपला होता. म्हातारं जनावर, रुळलंय आता, झोपमोड कशाला करायची, असं माझ्या मनात आलं. एवढंच आलं. गॅसवाल्यानं सिलेंडर फरशीवर आदळला आणि माझ्या पायांमधून काहीतरी तांबूस सुसाट बाहेर गेलं.

मी धावले. हाका मारत, ओरडत, त्याच्या मागे. पळणाऱ्या कुत्र्यामागे धावू नये, त्याला पाठलाग वाटतो, हे मी कितीतरी लोकांना सांगितलं होतं. भांडं आदळलं की पळतो, हे माझ्याच अक्षरात वहीत लिहिलेलं होतं. तो उमरेड रोडवर गेला. एका ट्रकनं करकचून ब्रेक मारला. ट्रक पुढे सरकला तेव्हा रस्त्यावर काही नव्हतं. तो पलीकडे पोचला होता, पण कुठं, ते दिसलं नाही.

मला वाटलं, हा घरीच जाणार. कुत्रा घराकडेच जातो. फाटकापाशी लुंगी आणि पाण्याचं भांडं ठेवलं, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं, मोबाइलवरच्या सगळ्या ग्रुपांवर फोटो टाकला आणि स्कूटी काढली. महालाच्या वाटेवर सक्करदऱ्यापर्यंत रस्त्याच्या एका कडेनं गेले, मग दुसऱ्या कडेनं परत आले. प्रत्येक भाजीवाल्याला, प्रत्येक पानठेल्याला फोटो दाखवला. मग महालात गेले. काकांच्या दाराला कुलूप. गल्लीतल्या एका बाईनं सांगितलं, "नाही वं, दिसला असता तं मीच बांधून ठेवला असता." मी प्रत्येक बोळात शिरले. उभ्या गाड्यांच्या खाली वाकून पाहिलं.

बारा वाजले तेव्हा रस्त्यावर माणूस दिसेना. मी खाली वाकून डांबरावर तळहात ठेवला. तीनपर्यंत मोजेस्तोवरही तो ठेवता आला नाही. असल्या उन्हात मी कुत्र्याला अंगणातसुद्धा सोडत नाही, आणि तो तीन तास त्या डांबरावर होता.

तिथूनच मुलीला फोन केला. सगळं सांगितलं. तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग ती दबक्या आवाजात म्हणाली, "उद्या सकाळी ऑपरेशन आहे त्यांचं. आज त्यांना यातलं काहीही कळता कामा नये. समजलं का तुम्हाला?"

"पण ते पाच वाजता फोन करतील."

"करू द्या. झोपलाय म्हणा. काहीही म्हणा."

मी हो म्हणाले. तेव्हा मला ते बरोबरच वाटलं. आजही ती चुकली असं मी म्हणू शकत नाही.

साडेचारला घरी आले. तोवर एकही निरोप नव्हता. डोकं उन्हानं ठणकत होतं. पाण्याचा ग्लास हातात धरून मी अंगणातल्या पायरीवर बसले आणि फोनकडे पाहत राहिले. पाचला तो वाजला. उचललाच नाही. दोन मिनिटांनी परत वाजला, तेव्हा उचलला.

"बाई, काय करून राहिला तो?"

"झोपलाय काका."

"झोपू द्या. फोन कानापाशी धरा, माह्या आवाजानं उठन."

मला वाटलं होतं आणखी काही खोटं बोलावं लागेल. पण बोलायचं काही उरलंच नव्हतं. मी उठले आणि अंगणाच्या कोपऱ्यात, तो नेहमी बसायचा तिथं, रिकाम्या जागेपुढं फोन धरून उभी राहिले. स्पीकरवरून आवाज आला, "काय रे, जेवला का? उद्या माहं हाय बरं. घाबरू नोको. मी येतो महिन्याभरात." मग ते थांबले. वाट पाहत थांबले.  "काय रे?" ते पुन्हा म्हणाले, आणि पुन्हा थांबले.

मग आवाज बदलला.

"बाई, तो तिथं हाय का?"

मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

"खरं सांग पोरी."

मी सांगितलं. सिलेंडर, पट्टा, फाटक, सगळं. तिकडून मुलीचा आवाज ऐकू आला, "बाबा, काय झालं? फोन द्या इकडे." काका तिला म्हणाले, "थांब." मग मला, "कोणीकडं पाहिलं तू?"

"इथून महालापर्यंत. तुमच्या घरापर्यंत."

"घरी कायले जाईन तो? मी घरी नाही, हे त्याले माहीत हाय. माह्या हातानंच कुलूप लावलं त्याच्यासमोर." त्यांना धाप लागली होती. "उमरेडच्या बाजूनं जा. नाक्यापुढं दोन-अडीच किलोमीटरवर बसथांब्यापाशी चहाची टपरी हाय. दर रविवारी आम्ही जुने कंडक्टर तिथी बसतो. स्कूटरवर पुढं बसून येते तो. तिथीच पाहा…"

फोन कुणीतरी ओढून घेतला. कट झाला.

अख्खा दिवस मी उलट्या दिशेनं शोधत होते. वहीत वीस प्रश्न होते, पण मालक आणि कुत्रा मिळून कुठं जातात, हे विचारलेलं नव्हतं.

टपरी पाच-सात मिनिटांवर निघाली. चहावाल्या बाईंना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "हाव, हा तं कंडक्टर भाऊंचा. दुपारी बाराच्या उन्हात आला. टपरीले दोन चकरा मारल्या अन् बाकड्याखाली बसला. मले वाटलं भाऊ मागून येऊन राहिले. मंग ट्रकवाल्यानं हॉर्न मारला तं तिकडं पुलाखाली घुसला." त्यांनी रस्त्याखालून जाणाऱ्या सिमेंटच्या पाइपकडं बोट दाखवलं. नाला कोरडा होता.

मी उतरून वाकून पाहिलं. आत अगदी मध्यभागी तो पडला होता. तोंड उघडं, जीभ बाहेर, धाप चाललेली. मला पाहून गुरगुरला. मी त्याच्यासाठी आता सिलेंडरवाल्या घरातली बाई होते. एक पाऊल पुढं टाकलं तर तो पलीकडच्या तोंडानं बाहेर जाईल आणि वर रस्ता होता.

मुलीला फोन लावला, म्हटलं काकांचा आवाज ऐकवला तर येईल. तिनं उचलला. "त्यांचं बीपी वाढलंय. डॉक्टर आत आहेत. तुम्ही परत फोन करू नका." पाइपचा फोटो काढून पाठवला, सापडलाय म्हणून लिहिलं. तिनं पाहिलं, उत्तर दिलं नाही.

मग मी नाल्यातल्या दगडावर बसले. समोर तोंड करून नाही, बाजूला तोंड करून, त्याच्याकडे न पाहता. चहावाल्या बाईंना विचारलं, रविवारी काका त्याला काय देतात. टोस्ट, चहात बुडवून. चहा कुत्र्याला देत नाहीत. मी दुधात भिजवून मागितला, आणि एका पसरट भांड्यात साधं पाणी. बर्फाचं नको म्हटलं. तापलेल्या अंगाला एकदम बर्फ मानवत नाही. बाईंना पाइपच्या पलीकडच्या तोंडाशी पोतं धरून उभं केलं. भांडं आत सरकवलं आणि बसून राहिले.

किती वेळ गेला कळलं नाही. वरून ट्रक गेला की पाइप थरथरायचा आणि तो आणखी अंग चोरायचा. मला सारखं वाटत होतं, इथं धाप ऐकू येतेय तोवर ठीक आहे. आणि तिकडं पुण्यात? तिकडचं काहीच ऐकू येत नव्हतं. एकाच दिवसात मी दोघांचे जीव टांगणीला लावले होते.

मग पलीकडून बाई सहजच बोलल्या, जशा गिऱ्हाइकाशी बोलतात, "ये ना बा, टोस्ट खाऊन घे." त्या आवाजावर त्याचा तो तुटका कान हलला. तो सरपटत माझ्या बाजूच्या भांड्यापाशी आला. पाण्याला तोंड लावलं. मी हललेही नाही. अर्धं भांडं प्यायला, टोस्ट खाल्ला आणि माझ्या हाताचा वास घेतला. मी ओढणीचा फास हळूच त्याच्या गळ्यात सरकवला. तो चावला नाही. नुसता बसला, कारण त्याला उभं राहवत नव्हतं. चारही पंजांची कातडी भाजून सुटली होती.

ओढणीचं उरलेलं टोक ओलं करून पोटावर, मांड्यांमध्ये, कानांवर फिरवत राहिले. मिस्टरांना फोन केला. त्यांची बस याच रस्त्यानं यायची होती. ते थांब्यावर उतरले. त्यांनी स्कूटी चालवली, मी मागं कुत्र्याला मांडीवर घेऊन बसले. जनावरांच्या डॉक्टरांनी सलाइन लावलं, पंजे बांधले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मी मान खाली घालून ऐकलं.

दवाखान्यातून निघताना मुलीचा फोन आला. उद्याचं ऑपरेशन पुढं ढकललं होतं. "तुमच्यामुळे," ती म्हणाली. 

ते दोन दिवस मी कसे काढले सांगता येत नाही. कुत्र्याचे पंजे धुवायचे, मलम लावायचं, पट्टी बदलायची आणि फोनकडे पाहायचं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. काका बरे झाले. हे मला मुलीनं नाही, त्या चहावाल्या बाईंनी सांगितलं. तिथं जुन्या कंडक्टरांपाशी बातमी आली होती.

त्यानंतर मी फाटकाच्या आत दुसरं जाळीचं दार बसवून घेतलं. एक उघडताना दुसरं बंद. पट्टा काढावा लागला तर नंबर सुती दोरीत बांधून गळ्यात राहतो. पहिला आठवडा अंगणातही दोरी सुटत नाही, जनावर कितीही म्हातारं असो. आणि वहीत एक नवा प्रश्न आहे.

दीड महिन्यानं काका आले, सोबत मुलगी. खूप वाळले होते. कुत्र्यानं काय केलं ते लिहायला नको. काकांनी त्याचे चारही पंजे उचलून पाहिले, बोटानं चाचपून पाहिले. मग मला म्हणाले, "पट्टा काहून काढला वं?" मी लाल झालेल्या कातडीचं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मान हलवली. मुलगी गाडीतून उतरलीच नाही.

पुढं त्यांनी पुण्याला तपासणीसाठी जायचं सोडून दिलं. इथल्याच डॉक्टरला दाखवतात. मुलगी रागावते, पण ते कुत्र्याला आता कुणाकडे ठेवायला तयार नाहीत. कधी रविवारी उमरेड रोडवर भेट होते. ते स्कूटर थांबवतात, तब्येतीचं दोन शब्द बोलतात. कुत्रा मात्र मला पाहिलं की खाली उतरतो आणि स्कूटरच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहतो.