बैलांच्या पाण्याची दहा मिनिटे

नागपूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने देवरावला फसवले. त्याची अक्कल चोरली आणि वर दोष त्याच्याच नावावर लिहिला. हे शांतपणे लिहायचे ठरवले होते, पण ते माझ्याने होणार नाही.

देवराव माझ्या दारव्ह्याच्या जिनिंगवर, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मापारी होता. वीस वर्षे त्याने कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, काट्यावर घेतल्या. मी संगणक आणला तेव्हा बाकीचे बिचकले, हा शिकला. सकाळी आला की आधी संगणकाच्या डब्याला पालथा हात लावायचा, लेकराचे कपाळ पाहतात तसा. "आज याले ताप हाये, भाऊ," म्हणायचा, आणि त्या दिवशी काम हमखास अडायचे.

तो ताप कंपनीने आणलेला. वणी आणि पुसदच्या माझ्या खरेदी केंद्रांवरचे काटे, प्रिंटर, फोनची लाइन चालू आहे की नाही हे दारव्ह्यात बसून कळावे, म्हणून मी एक सॉफ्टवेअर घेतले होते. तेही तीन बैठका घासाघीस करून. त्याच्या चाळीस चाचण्या दर मिनिटाला एकाच ठोक्याला सुटत. काटापावत्याही त्याच संगणकावर निघायच्या. ठोका पडला की सीपीयू शंभर टक्क्यांवर, पावती अडकलेली आणि फाटकाबाहेर बंड्यांची रांग. कापसाचा भाव रोज उतरत होता. आज माप झाले नाही तर माणसाला उद्याच्या पडत्या भावाने विकावे लागे. लोक मला शिव्या देत, आणि त्यांचे चुकत नव्हते.

कंपनीचा इंजिनिअर आला. "मोठा संगणक घ्या," म्हणाला.

"ओझं तुम्ही लादलं, अन् बैल मी बदलू?" मी ओरडलो. तो हसून निघून गेला.

देवराव कोपऱ्यात ऐकत होता. "भाऊ, साऱ्या बंड्या एकदम काट्यावर चढवल्या तं काटा मोडन. आपण नंबर देतो ना? याइले बी नंबर देऊ." त्याने चाचण्यांना वेगवेगळी मिनिटे वाटून दिली. प्रिंटरमधला कागद तासातून एकदा तपासला तरी पुरे, हेही त्यानेच ठरवले.

पुसदची लाइन वरचेवर बंद पडायची. मग तिथली प्रत्येक चाचणी उत्तराची वाट पाहत ताटकळायची आणि पुढच्या मिनिटाच्या चाचण्या तिच्यामागे येऊन उभ्या राहायच्या. देवराव चिडला. "फाटकालेच कुलूप हाये, तं आतल्या दहा खोल्याइले हाका कायले मारून राह्यला हा?" त्याने पुसदच्या सगळ्या चाचण्या लाइनच्या चाचणीला बांधल्या. लाइन मेली की बाकीच्या गप्प.

दुपारी एक वाजता दहा मिनिटे त्याने एकही चाचणी ठेवली नाही. "हे काहून?" मी विचारले.

"त्या टायमाले गाडीवान बैलाइले पाणी पाजतेत. काटा रिकामा. मंग यंत्रानंच काहून धापा टाकाव्या?"

दुसऱ्या दिवशी डब्याला हात लावून म्हणाला, "उतरला."

महिनाभराने इंजिनिअर पुन्हा आला, तासभर बसला, देवरावची सगळी मांडणी उतरवून घेऊन गेला. मागून कंपनीचा सहीचा अहवाल आला : देवराव मापारी याने अधिकार नसताना केलेल्या फेरफारामुळे यंत्रावर ताण आला, त्याला दूर ठेवल्यासच देखभाल चालू राहील. हंगाम भरात होता. देखभाल तुटण्याला मी भ्यालो आणि देवरावला म्हणालो, "थोडे दिवस फाटकावर बस."

"बसतो, भाऊ. पण त्या कागदावर माहं नाव तसंच राह्यलं ना?"

तो पुन्हा त्या डब्यापाशी आला नाही. पुढच्या पावसाळ्यात तो वारला.

त्या हिवाळ्यात मी कापसाच्या गाठींचा सौदा करायला नागपूरच्या एका सूतगिरणीत गेलो. कचेरीत तेच सॉफ्टवेअर, "कंपनीचा नवा शोध" म्हणून बसवलेले. चाचण्या नंबराने सुटत होत्या, लाइनला बांधलेल्या होत्या. आणि दुपारी एक ते एक वाजून दहा रिकामे.

"हे रिकामे कशासाठी?" मी बाबूला विचारले.

"काय माहीत. कंपनीने असेच दिले."

परतल्यावर देवरावच्या बायकोला, शांताबाईला, हे सांगितले. तिने एवढेच विचारले, "मंग कागद बदलला का, भाऊ?"

देवरावला फाटकावर बसवले ते मी, आणि हे मी तिच्यापुढे मान खाली घालून कबूल केले आहे. आता ज्याने सही केली त्याने दारव्ह्याला यावे, शांताबाईसमोर उभे राहावे आणि सांगावे : नागपूरच्या त्या गिरणीत दुपारी एक वाजता कोणाचे बैल पाणी पितात?