पट्टा ओढून पाहणारा माणूस

आज कामावर ज्या बसने गेलात, तिच्या सीटला पट्टा होता का? आठवत नसेल, तर हे तुमच्यासाठीच आहे.

दोन महिन्यांपूर्वी, इथे कतारमध्ये, बाबांना रास लफानच्या गॅस प्रकल्पावरून फोन आला. "कुठे?" एवढंच ते म्हणाले आणि गाडीची किल्ली शोधू लागले... ती त्यांच्या हातातच होती. पाळी संपवून परतणारी कंपनीची बस उलटली होती. ड्रायव्हरला लागोपाठ दुसऱ्या पाळीला जुंपलं होतं. दत्ताकाका खिडकीतून बाहेर फेकले गेले आणि तिथेच गेले. बसमध्ये पट्टे नव्हतेच.

काका कराडचे, वेल्डर, बाबांचे इथले पहिले रूममेट. माझ्या लहानपणी शुक्रवारी ते मला गाड्यांच्या शर्यतीला न्यायचे. वाळवंटात सरळ डांबरी धावपट्टी, एका वेळी दोनच गाड्या, डोळ्याचं पातं लवेपर्यंत शर्यत संपलेली. आधी वाळू झाडायची, मग पकड यावी म्हणून ओल्या डांबरावर चाकं गरगर फिरवून तापवायची. पांढरा धूर, जळक्या रबराचा वास. इशाऱ्याच्या दिव्यांच्या खांबाला सगळे 'झाड' म्हणत. "या देशातलं हे एकच झाड, ज्याला पाणी लागत न्हाई," काका म्हणायचे.

गाड्यांतले लोखंडी सुरक्षा-पिंजरे काकांनी जोडलेले असत. म्हणून निघण्याआधी प्रत्येकाचा पट्टा ते स्वतः ओढून बघत. एकदा एक कतारी पोरगा वैतागला, "दत्ता, यल्ला, जल्दी! तू मेरी माँ है क्या?"

"माँ होता तो पहले थप्पड़ मारता," म्हणत काकांनी पट्टा पुन्हा आवळला. त्याच फेरीत गाडी कोलांट्या खात गेली. पोरगा रांगत बाहेर आला आणि त्याने काकांच्या कपाळावर ओठ टेकवले.

बसमधल्या पट्ट्यांबद्दल काकांनी विचारलं होतं. सुपरवायझर म्हणाला, "इन्शाल्ला, अगले महीने." आता कंपनीच्या पत्रात 'दुर्दैवी अपघात' असं लिहिलंय. दैवाचा काय संबंध? नटबोल्टने बसवायची वस्तू आहे ती! हौसेने धावणाऱ्याला पट्टा हवा आणि दमून घरी येणाऱ्याला नको, हे ठरवलं कोणी?

ती धावपट्टी आता नाही. तिथे इमारती उभ्या राहिल्या. त्या बांधणारेही अशाच बसमधून आले असतील.

आमच्या गाडीत काका मागे वळून माझा पट्टा ओढायचे. "हललीस? मग सैल हाय." हल्ली निघण्याआधी बाबा मागे हात घालतात, माझा पट्टा ओढून बघतात... मी एवढी मोठी झाले तरी.

उद्या बसमध्ये बसाल, तेव्हा खांद्यामागे हात घालून बघा. पट्टा नसेल, तर एकट्याने भांडू नका. शेजारच्याला सांगा, त्याला त्याच्या शेजारच्याला सांगू दे. आणि सगळे मिळून म्हणा, पट्टे बसेपर्यंत ही बस हलणार नाही.