आप्पांची पाठ

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "कॉम्प्रेशन फ्रॅक्चर आहे." म्हणजे कण्यातला एक मणका वरून दाब येऊन चेपला गेला होता. आप्पा, माझे वडील, शेळ्यांसाठी पाला तोडताना कडुलिंबावरून पडले होते. पडले ते थेट बुडावर. जालन्याला आणेपर्यंत कण्हत होते आणि वर मलाच सांगत होते, "पडलो खरा, पण पाठ लागू दिली न्हाई."

आमचं घराणं कुंभार पिंपळगावकडचं, पैलवानांचं. आजोबांची पाठ कुस्तीत कधी मातीला लागली नाही, आप्पांचीही नाही. पाठ टेकली की हरला, एवढाच कायदा. तो आप्पांच्या अंगात इतका मुरला होता की घरातसुद्धा ते कधी उताणे झोपत नसत, कायम कुशीवर.

डॉक्टरांनी नेमकं तेच करायला सांगितलं. ऑपरेशन टाळायचं असेल तर काही आठवडे उताणं, सरळ पडून राहायचं. कूस बदलायची तर लॉग रोल, म्हणजे दोघांनी मिळून ओंडका फिरवतात तसं अख्खं अंग एकदम वळवायचं. स्वतःहून कंबरेत पिळा दिला आणि हाड सरकलं, तर नसा दबून पाय जाऊ शकतात.

आप्पांनी शहाण्यासारखी मान हलवली. सिस्टरची पाठ वळली की हे कुशीवर. सिस्टरने समजावलं, आईने फोनवरून शिव्या घातल्या, मी हात जोडले. एका सकाळी त्यांच्या उजव्या पायाला मुंग्या आल्या, तेव्हा मात्र मी धावत जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी पाय तपासला. ताकद अजून शाबूत होती. "पण पुन्हा वळलात तर माझ्या हातात काही राहणार नाही," ते म्हणाले.

तुमच्याही घरी असा हट्टी रुग्ण असेल तर सांगतो, धाकाने काही होत नाही. मी मोबाइलवर बॉक्सिंगचा एक सिनेमा लावला आणि मोबाइल त्यांच्या तोंडावर धरून उभा राहिलो. बघायचं तर उताणंच पडावं लागणार. आप्पांनी आधी नाक मुरडलं. "धरत बी न्हाईत, नुसतं मारून राह्यलेत," म्हणाले. पण बघत राहिले.

सिनेमातला पोरगा एका जुन्या चॅम्पियनचा मुलगा. बापाचं नाव राखायला उतरतो आणि शेवटच्या लढतीत हरतो. तेव्हा खाली बसलेला बाप दोऱ्यांमधून आत शिरतो आणि पोराचं रक्ताळलेलं तोंड आपल्या शर्टाने पुसतो.

सिनेमा संपला. माझे हात भरून आले होते. आप्पा तसेच वर बघत होते.

"अंबडच्या फडात तुझी पाठ लागली," ते म्हणाले, "तवा मी उठून गेल्तो."

मला आठवत होतं. त्यानंतर मी तालमीत पाऊल टाकलं नाही, अंकुशनगरला कारखान्यात नोकरी धरली. त्या दिवसाचा विषय आमच्या घरात कुणी काढत नसे.

"तू मातीत पडलेला, अन् मी जाऊन एसटीत बसलो. मला वाटलं, बापाचं नाव बुडालं. थांबायला पाह्यजे होतं मी. बराबर लढला होता तू."

त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळत होतं. मी ते टॉवेलने टिपलं आणि किती तरी वेळ त्यांचा हात धरून बसलो. माझ्या बापावर माझा इतका जीव आहे, हे मला त्या दुपारी कळलं.

त्यानंतर आप्पा आपणहून एकदाही वळले नाहीत. मुंग्या थांबल्या, पुढे कंबरेला पट्टा आला, मग वॉकर. डॉक्टरांचे आणि त्या सोशिक सिस्टरचे उपकार आम्ही विसरणार नाही.

आता आप्पा ओसरीत बसलेले असतात. माणसं भेटायला येतात, विचारतात, पैलवान, झालं तरी काय? आप्पा सांगतात, "चितपट झाल्तो. पोरानं उठवलं."

मी चहाचं निमित्त काढून आत जातो.